जुन्या फोर-बाय-फोरचा परत परत येणारा वॉबल: खेळ नेमका कुठे आहे?

सरळ रस्ता, साठ-सत्तरचा वेग, गाडी शांत. मग पुलाचा सांधा किंवा छोटासा खड्डा येतो आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना आपटायला लागतं. डॅशबोर्ड हलतो, आरसे हलतात, बॉनेट थरथरताना दिसतं. वेग अगदी कमी होईपर्यंत थांबायचं नाव नाही. पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दणकट दांडा) असलेली जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हा प्रकार, म्हणजे वॉबल, ओळखीचा असेल, निदान ऐकून तरी माहीत असेल.

वॉबल होतो त्यापेक्षा तो परत येतो याचा मनस्ताप जास्त. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके जिरवणारा छोटा शॉक ॲब्झॉर्बर) नवा टाकला की काही महिने गाडी गुणी वागते. पुन्हा सुरू झालं की टायर बॅलन्स करायचे, थोडे दिवस बरं. मग टाय रॉडचे (दोन्ही पुढच्या चाकांना बांधणाऱ्या दांड्याचे) एंड, पुन्हा आराम, पुन्हा तेच. बिलांची थप्पी वाढते आणि प्रत्येक वेळी ‘या वेळी सापडलं’ असं वाटतं.

असं होण्याचं कारण म्हणजे वॉबल थांबवायला खेळ (सांध्यातली ढिलाई) काढावाच लागतो असं नाही, कुठेतरी घर्षण वाढलं तरी तो थांबतो. नवा रॉड एंड घट्ट फिरतो, नवा डॅम्पर जोरात विरोध करतो, आणि तेवढ्या विरोधावर थरथर दबून राहते. महिन्या-दोन महिन्यांत नवा भाग रुळतो, विरोध कमी होतो आणि मूळ ढिला सांधा होता तिथेच असतो. म्हणून एखादा भाग बदलल्यावर वॉबल गेला, एवढ्यावरून तोच भाग दोषी होता असं धरू नका. या लेखातल्या सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीसाठी आहेत: भाग बदलण्याआधी खेळ डोळ्यांनी पाहायचा किंवा बोटांनी पकडायचा.

आधी, हा वॉबलच आहे ना?

गाडी हलण्याचे निदान चार वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर पुढची सगळी मेहनत वाया.

ठरावीक वेगाला स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते आणि वेग वाढवला की निघून जाते, तर ते बहुतेक वेळा बॅलन्सिंग. स्टेअरिंगपेक्षा सीटखाली आणि फ्लोअरमध्ये कंप जाणवतो, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, तर प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस जॉइंट बघा. फक्त ब्रेक लावताना हलते, तर ड्रम लंबगोल झालेत किंवा डिस्क वाकडी फिरते आहे. चौथा प्रकार आपला: धक्क्यानं सुरू होतो, स्वतःच स्वतःला वाढवतो आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही.

पहिला आणि चौथा प्रकार एकमेकांचे शेजारी आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. ३१ इंची टायर एका फेरीत साधारण २.४ मीटर जातो, म्हणजे ताशी ७० किलोमीटरला सेकंदाला जवळपास आठ फेऱ्या. बॅलन्स बिघडलेलं चाक सेकंदाला आठ वेळा ॲक्सलला टोचतं. सांधे घट्ट असतील तर तुम्हाला फक्त बारीक थरथर जाणवेल, ढिले असतील तर त्याच टोचणीवर मोठा वॉबल पेटेल. बॅलन्सिंग केल्यावर वॉबल काही काळ जातो तो असा. काडी काढून घेतली, गवत तसंच.

नेमकं घडतं काय

सलग ॲक्सलमध्ये एक चाक वर गेलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो. फिरणाऱ्या जड चाकाला असं तिरकं केलं की ते जायरोस्कोपच्या नियमानं बाजूला वळू पाहतं. दोन्ही चाकं टाय रॉडनं बांधलेली, त्यामुळे दोन्ही वळतात. वळलेलं चाक कॅस्टरमुळे (ज्या अक्षाभोवती चाक वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनामुळे) सरळ व्हायला धावतं, मध्यबिंदू ओलांडून पलीकडे जातं, तिथून पुन्हा परत येतं. सामान ढकलायच्या गाडीचं पुढचं चाक भर वेगात फडफडतं, ते याच जातीचं. वाटेत पुरेसा विरोध असेल तर एक-दोन झोक्यांत शांत होतं. सांध्यांमध्ये खेळ असेल तर तेवढ्या अंतरात चाकाला अडवणारं कोणीच नसतं आणि झोका वाढत जातो.

ही भानगड जुनी आहे. १९२० च्या दशकात मोठे, कमी हवेचे बलून टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि मोटारींमध्ये हा थरकाप सर्रास दिसू लागला. १९३० च्या दशकात मोटारींच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेंशन मिळालं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. दणकट फोर-व्हील-ड्राइव्हनं सलग ॲक्सल सोडला नाही, कारण खडबडीत जमिनीवर त्याचे फायदे खरेच आहेत. त्यामुळे थरकापही तिच्या वाट्याला राहिला. तुमची गाडी मुळातच वाईट आहे असं नाही, पण ती सांध्यांची ढिलाई खपवून घेत नाही.

रस्त्यात वॉबल आलाच तर

जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा. स्टेअरिंग ठाम धरा, पण त्याच्याशी कुस्ती नको, आणि अंगठे आतल्या दांड्यांभोवती अडकवू नका. मागचं वाहन कुठे आहे ते पाहत वेग उतरू द्या आणि बाजूला घ्या. तिथेच खाली वाकून टाय रॉड, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि त्यांचे नट सुटू न देणाऱ्या स्प्लिट पिना बघा. एका जोरदार वॉबलमध्ये रॉड एंडला इतके दणके बसतात की आधी ठीक असलेला सांधाही ढिला होऊ शकतो. ‘थांबला ना, चला’ म्हणून पुढचा टप्पा गाठायची घाई करू नये.

पाना उचलायच्या आधी

चारही टायरची हवा थंड असताना मोजा. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी हवी. ट्रेडवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलेला आहे. उंच-सखल कप पडले असतील तर शॉक ॲब्झॉर्बर थकलेत किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. असा टायर स्वतःच पुढच्या वॉबलचं कारण होतो, त्यामुळे खेळ काढल्यावरही तो पुढे ठेवू नये.

रिमच्या आतल्या बाजूला बघायला विसरू नका. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये मुठीएवढा वाळलेला गोळा चिकटलेला असतो आणि बॅलन्सिंगचं शिसं त्याच्यापुढे कस्पट ठरतं. बऱ्याच ‘रहस्यमय’ थरथरी नुसत्या पाण्याच्या पाइपनं गेल्या आहेत.

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवा. स्वभाव बदलला तर चाकं या गोष्टीत सामील आहेत, जसाच्या तसा राहिला तर सांधे. ही अदलाबदल फुकटची चाचणी आहे, तरी लोक आधी नवे टायर घेतात.

रुंद टायर आणि बाहेर काढलेली रिम हा वेगळा विषय आहे. चाक जितकं बाहेर सरकतं तितका रस्त्याचा प्रत्येक धक्का किंगपिनवर (चाक ज्याच्यावर वळतं ती खीळ) लांब तरफेनं बसतो. मूळ मापाच्या चाकांवर जो खेळ वर्षभर जाणवलाही नसता, तो मोठ्या चाकांवर पहिल्याच आठवड्यात बोलतो. आवड म्हणून मोठे टायर घातले असतील तर हरकत नाही, पण मग सांध्यांची तपासणीही तेवढीच वारंवार करावी लागेल.

जमिनीवर, चाकांवर उभी असताना

बहुतेक ठिकाणी गाडी लगेच जॅकवर घेतात. जॅकवर सांध्यांवरचं वजन निघून जातं आणि काही खेळ दिसेनासे होतात. म्हणून आधी गाडी चाकांवरच ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. एकानं आत बसून स्टेअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं, चाक वळायला लागेल न लागेल इतपत. दुसऱ्यानं बाजूनं वाकून बघायचं. धडावरून चाक जाईल अशा जागी झोपू नका.

आता स्टेअरिंग बॉक्सपासून सुरुवात करून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवत जा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटं अशी टेकवा की एक बोट रॉडवर आणि एक आर्मवर राहील. दोघं एकाच क्षणी हलले तर सांधा ठीक. एक हलला आणि दुसरा किंचित उशिरा निघाला, तर तिथे खेळ आहे. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटांना कळतो. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर तोही सांधा खडूनं खुणावून ठेवा. एक सापडला म्हणून थांबू नका, शेवटपर्यंत जा. जुन्या गाडीत खेळ बहुधा एकट्या सांध्यात नसतो, तीन-चार ठिकाणी थोडाथोडा असतो आणि बेरीज मोठी होते.

ही तपासणी ग्रीस मारण्याआधी करा. झिजलेल्या रॉड एंडमध्ये ग्रीस ठासून भरलं की तो काही दिवस घट्ट लागतो आणि तपासणीतून सुटतो. सर्व्हिसिंग करून आणल्यावर लगेच केलेली तपासणी म्हणूनच फारशी विश्वासाची नाही.

रॉड एंडबद्दल अजून दोन गोष्टी. एंड नवा, पण आर्ममधलं निमुळतं भोक लंबगोल झालं असेल, तर नवा एंडही तिथे हलतच राहणार. नट काढून टेपरवर चमकदार घासलेला पट्टा दिसतो का ते पाहा. आणि नट ठरल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून कधीच नाही. टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे क्लॅम्पही तपासा. अलाइनमेंटनंतर ते अर्धवट आवळलेले राहतात आणि रॉड आट्यांमध्ये हलत राहतो.

काही गाड्यांत स्टेअरिंग बॉक्स आणि टाय रॉड यांच्यामध्ये एक जास्तीचा मधला सांधा असतो. जुन्या विलीज जीपच्या धर्तीच्या गाड्यांत बेल क्रँक, सीरीज लँड रोव्हरमध्ये पुढच्या क्रॉस मेंबरमधला स्टेअरिंग रिले. हे सांधे सहज नजरेआड होतात, म्हणून मुद्दाम शोधून बघा. लँड रोव्हरचा तो रिले मात्र घरी उघडू नका. आत दाबून बसवलेली ताकदवान स्प्रिंग असते आणि ती सुटली तर जबर इजा करते.

जॅकवर: बेअरिंग की किंगपिन?

ॲक्सल जॅकवर, खाली भक्कम स्टँड, चाक जमिनीपासून उचललेलं. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर लगेच व्हील बेअरिंगवर ठपका ठेवू नका. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) आणि नकल (हबला धरणारा, किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना पकडून धरतात. त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगमध्ये होता, तसाच राहिला तर किंगपिनमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. एवढी साधी युक्ती, पण तिच्याअभावी चांगली बेअरिंग बदलली जातात.

व्हील बेअरिंगचं काम सोपं आहे, पण घाई चालत नाही. टेपर रोलरची जोडी असेल तर आतला नट चाक फिरवत-फिरवत आवळायचा म्हणजे रोलर नीट बसतात, मग सैल करायचा आणि पुस्तकात दिलेल्या बेतानं हलकेच परत आवळायचा. मग लॉक वॉशर, मग बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली फट भरते आणि आतलं सेटिंग बदलतं, म्हणून शेवटची तपासणी दोन्ही नट आवळल्यानंतरच करायची. खेळ जाणवला किंवा चाक जड फिरलं तर पुन्हा पहिल्यापासून.

किंगपिन हा माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित भाग आहे. गोल बंद नकल असलेल्या जुन्या गाड्यांत वर-खाली दोन बेअरिंग असतात, काही लँड रोव्हरमध्ये वरच्या बाजूला बेअरिंगऐवजी रेल्को बुश. ही बेअरिंग कधी पूर्ण फिरत नाहीत. गाडी बहुतांश वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी दणके खातात आणि रेसवर (रोलर ज्या कड्यावर फिरतात त्यावर) बारीक खाचा पडतात. बारा-सहाच्या चाचणीत खेळ अगदी थोडा दाखवतील, तरी आतून संपलेल्या असतात.

ओळखायचं कसं? टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवा, चाक काढा आणि नकल हातानं डावीकडून उजवीकडे फिरवा. सगळीकडे एकसारखा, थोडासा जड विरोध लागला पाहिजे. मध्यावर खट्कन अडकल्यासारखं झालं तर रेसवर खाचा पडल्या आहेत आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) काढून उपयोग नाही, बेअरिंगच बदलायला हवी. काहीच विरोध न लागता नकल भिरभिरत गेलं तर प्रीलोड (बेअरिंगवर बसवतानाच दिलेला दाब) संपला आहे. टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढलं की प्रीलोड मोजता येतो. आकडा गाडीगाडीप्रमाणे वेगळा असतो, तो तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, आणि मोजताना नकलमागचं तेलाचं सील व फेल्ट बाजूला असू द्या, नाहीतर तुम्ही सीलचं घर्षण मोजत बसाल.

इथला प्रीलोड फार कामाचा आहे. कारखान्यानं मुद्दाम दिलेला तो विरोध असतो, झोका मारण्याची ही हक्काची जागा. तो संपला की ती जबाबदारी डॅम्परवर पडते आणि डॅम्पर लवकर मरतात. शिम कमी करून प्रीलोड वाढवता येतो, पण वरचे-खालचे शिम असे ठेवायचे की नकल ॲक्सलच्या मध्यरेषेत राहील. एकाच बाजूचे शिम काढत गेलं तर आतला जॉइंट आणि ऑइल सील त्रास देऊ लागतात. प्रमाणाबाहेर आवळलं तर वॉबल गायब होईल खरा, पण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येणार नाही. तसली गाडी लांबच्या प्रवासात वॉबलइतकीच छळते.

नकल उघडलंच आहे तर आतलं ग्रीस बघा. घट्ट असायला हवं तिथे पातळ काळं सूप असेल तर डिफरन्शियलचं तेल आतल्या सीलमधून झिरपतं आहे आणि त्यानं बेअरिंगचं ग्रीस धुवून नेलं आहे. सील न बदलता फक्त बेअरिंग बदलली तर हीच समस्या पुन्हा येणार.

स्टेअरिंग बॉक्स आणि चॅसी

बॉक्सच्या वरचा स्क्रू थोडा फिरवून खेळ कमी करणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि बरेचदा चुकीच्या क्रमानं केला जातो. गिअर मध्यावर जास्त झिजतात, कारण गाडी सरळच जास्त चालते. ॲडजस्टमेंट करायची तर चाकं अगदी सरळ ठेवून, आणि नंतर स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडत नाही ना ते बघून. दोन्ही टोकांना घट्ट आणि मध्ये मोकळं लागलं तर बॉक्स झिजला आहे, स्क्रूनं ते भरून येणार नाही.

त्याआधी बॉक्स चॅसीला जिथे बसतो ती जागा बघा. मदतनीस स्टेअरिंग हलवत असताना बॉक्स स्वतःच हलतो का? बोल्ट सैल असतील तर आवळून काम होतं. बोल्ट घट्ट आणि तरी हलतो, तर चॅसीला बहुधा चीर आहे. चिखल आणि जुन्या रंगाखाली ती दिसत नाही, तारेच्या ब्रशनं घासून उजेडात बघा. पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघून दांडे हलवणाऱ्या हाताचा) मोठा नटही आवळून खात्री करा.

पाटे, बुश, पॅनहार्ड रॉड

पाट्यांची गाडी असेल तर ॲक्सलला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट आवळलेले आहेत का, शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या दुव्याचे) बुश गेलेत का, आणि मधला सेंटर बोल्ट तुटलेला नाही ना, हे बघा. तुटलेला सेंटर बोल्ट बाहेरून दिसत नाही. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर मोजा. फरक मोठा असेल तर ॲक्सल जागेवरून सरकलेला आहे.

कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) हा पहिला संशयित. त्याचे बुश चांगले असतात, पण बोल्टचं भोक कंसात लंबगोल झालेलं असतं. स्टेअरिंग हलवण्याच्या चाचणीत या रॉडच्या दोन्ही टोकांकडे टक लावून बघा. बोल्ट कंसात मिलिमीटरभर जरी सरकताना दिसला तरी ते वॉबलला पुरेसं आहे. नवा बुश टाकून काही होणार नाही, भोक दुरुस्त करून योग्य जाडीचा बोल्ट घालावा लागतो, आणि तो गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा.

कोन: टो आणि कॅस्टर

खेळ काढल्याशिवाय अलाइनमेंट करू नका. ढिल्या सांध्यांवर घेतलेलं माप पुढच्या खड्ड्यापर्यंतच खरं.

टो घरी मोजता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, ट्रेडच्या मध्यावर खडूची बारीक रेघ मारा आणि अंतर मोजा. गाडी पुढे ढकला म्हणजे त्याच रेघा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर येतील. पुन्हा मोजा. पुढचं अंतर जितकं कमी तितका टो-इन. त्याच रेघा वापरल्यामुळे टायरची वाकडी-तिकडी घडण मापात येत नाही. रेडियल टायरवर साधारण ० ते ३ मिलिमीटर टो-इन बऱ्याच जुन्या गाड्यांना मानवतो, पण मॅन्युअलमधला आकडा पहिला. टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालताना रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर फाकवतो, म्हणून थोडा टो-इन लिंकेज एकाच बाजूला ताणून ठेवतो. टो-आउट असेल तर चाकं इकडे-तिकडे चाचपडत राहतात.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन. पाट्यांच्या जुन्या गाड्यांत तो बहुधा एक ते तीन अंश, म्हणजे मुळातच कमी. गाडी उंच करायला लांब शॅकल घातले असतील तर इथे लक्ष द्या. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर तो लांब केल्यावर ॲक्सलचा वरचा भाग पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. शॅकल मागच्या टोकाला असेल तर उलट, कॅस्टर वाढतो. एकच बदल, दोन गाड्यांत दोन परिणाम, त्यामुळे दुसऱ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

कमी झालेला कॅस्टर पाटा आणि ॲक्सलमध्ये निमुळते शिम घालून परत आणता येतो. मात्र ॲक्सल मागे कलवला की डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये नवा कंप सुरू झाला तर तो इथून आला आहे. आणि कॅस्टर जितका जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. काही गाड्यांत जास्त कॅस्टरनं थरथर वाढते.

शेवटी डॅम्पर

डॅम्पर काढून हातानं पूर्ण लांबीभर दाबा आणि ओढा. काही डॅम्पर आडवे पडून राहिल्यामुळे सुरुवातीला थोडा मोकळा टप्पा देतात, चार-पाच वेळा उभा धरून हलवल्यावर तो जायला हवा. नाही गेला, किंवा तेल गळतं, किंवा दांडी वाकलेली आहे, तर बदला.

पण तो बदलायचा सर्वात शेवटी. सांधे नीट झाल्यावर डॅम्परशिवाय रिकाम्या, सपाट रस्त्यावर गाडी हळूहळू वेग वाढवत चालवून बघा, आणि पहिली थरथर जाणवताच वेग उतरवा. निरोगी गाडी डॅम्परशिवायही सरळ चालते. डॅम्पर लावल्यावरच चालत असेल तर अजून काहीतरी राहिलं आहे, मागच्या खुणांकडे परत जा. जास्त ताकदवान किंवा दुहेरी डॅम्पर हा उपाय मला पटत नाही. थरथर दबते, पण खेळ वाढतच जातो, आणि ज्या दिवशी सांधा पूर्ण सुटतो त्या दिवसापर्यंत आधी काही इशाराच मिळत नाही. पुढचे शॉक ॲब्झॉर्बर मात्र थकलेले असतील तर जोडीनं बदला, कारण ॲक्सलच्या वर-खाली नाचण्याला तेच आवरतात.

एका वेळी एकच बदल करा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला चालवा आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. वॉबल परत आलाच तर किती अंतरानं आला हे त्या वहीतूनच कळतं: नव्या रॉड एंडनंतर काही आठवड्यांत परत आला तर त्यानं फक्त घर्षण दिलं होतं. यू-बोल्ट, पॅनहार्डचा बोल्ट आणि किंगपिनच्या टोप्यांचे बोल्ट काही शे किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. नवे बुश आणि शिम बसले की ते थोडे सैल होतात, आणि तेव्हाच आवळले तर पुढचा शोध वाचतो.